हेन्री वॉल्टर बेट्स

हेन्री वॉल्टर बेट्स (८ फेब्रुवारी १८२५ – १६ फेब्रुवारी १८९२) हे इंग्लिश निसर्गवैज्ञानिक, कीटकशास्त्रज्ञ आणि प्रवासी होते. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे राहून त्यांनी प्राण्यांचे नमुने जमविले. त्यांच्या स्वतःच्या गणनेनुसार या संग्रहात १४,७१२ जाती होत्या, त्यांतील सुमारे १४,००० जाती कीटकांच्या होत्या आणि सुमारे ८,००० जाती विज्ञानाला तोपर्यंत अज्ञात होत्या. भक्षकांना न रुचणाऱ्या प्राण्याचे रूप एखादा निरुपद्रवी प्राणी धारण करतो आणि त्यामुळे त्याचा बचाव होतो, हे त्यांनी फुलपाखरांच्या अभ्यासातून दाखविले. हा आविष्कार आज ‘बेट्सीय अनुकृती’ या नावाने ओळखला जातो. चार्ल्स डार्विन यांच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला प्रत्यक्ष निसर्गातून मिळालेल्या आरंभीच्या पुराव्यांत त्याची गणना होते.

बेट्स यांची सर्वसाधारण ख्याती फुलपाखरांमुळे झाली असली, तरी त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय भुंगेरे हा होता. लाकूड पोखरणाऱ्या लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांचे (सेरँबिसिडी कुल) ते आपल्या काळातील अग्रगण्य जाणकार होते.

जन्म व शिक्षण

बेट्स यांचा जन्म इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. त्यांचे वडील मोजे व विणलेले कपडे तयार करण्याच्या व्यवसायात होते. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास शालेय शिक्षण संपवून हेन्री यांना त्याच व्यवसायातील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. सकाळी सात वाजता वखार उघडून झाडण्यापासून त्यांचा दिवस सुरू होई आणि रात्री आठ वाजेपर्यंत काम चाले. त्यानंतरचा वेळ ते लेस्टरच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या रात्रवर्गांत व ग्रंथालयात घालवीत. तेथे त्यांनी लॅटिन, ग्रीक व फ्रेंच या भाषांचा आणि चित्रकलेचा अभ्यास केला. कामगार व कारकून यांच्यासाठी चालविलेली ही संस्था हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

सुटीच्या दिवशी धाकटे बंधू फ्रेडरिक यांच्यासह ते जवळच्या चार्नवुड फॉरेस्ट या खडकाळ व अंशतः वनाच्छादित भागात कीटक गोळा करीत. पुढे फ्रेडरिक हेही भुंगेऱ्यांचे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. १८४३ मध्ये ‘द झूऑलॉजिस्ट’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच वर्षी दमट जागी आढळणाऱ्या भुंगेऱ्यांविषयी हेन्री यांचे एक छोटे टिपण त्यात प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. उमेदवारी संपल्यावर त्यांनी बर्टन येथील एका मद्यनिर्मिती कंपनीत कारकुनी केली. हे काम त्यांना मनापासून रुचले नाही.

वॉलेस यांच्याशी मैत्री

१८४४ च्या सुमारास ॲल्फ्रेड रसेल वॉलेस लेस्टरच्या एका शाळेत शिक्षक म्हणून आले. ग्रंथालयातील परिचयातून त्यांची बेट्स यांच्याशी मैत्री झाली. वॉलेस यांना तोवर वनस्पतींची आवड होती. एका लहानशा शहराच्या परिसरात शेकडो जातींचे भुंगेरे सापडू शकतात, हे बेट्स यांचा संग्रह पाहून त्यांच्या प्रथमच लक्षात आले आणि तेही कीटकांकडे वळले. वॉलेस लेस्टर सोडून गेल्यावर दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. सजीवांच्या जाती कायम आहेत की काळानुसार बदलतात, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता आणि त्यांच्या पत्रांतही तो वारंवार येई.

डब्ल्यू. एच. एडवर्ड्‌स या अमेरिकन प्रवाशाचे ॲमेझॉनवरील पुस्तक १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून वॉलेस यांनी ॲमेझॉनला जाण्याची कल्पना मांडली. नमुने जमवून इंग्लंडला पाठवायचे, एका प्रतिनिधीमार्फत ते संग्रहालये व हौशी संग्राहक यांना विकायचे आणि त्या उत्पन्नावर प्रवास चालवायचा, अशी योजना होती. जातींच्या उगमाचा प्रश्न सोडविण्यासाठी पुरावे गोळा करणे हा तिचा दुसरा हेतू होता. दोघांपैकी कोणाकडेही वडिलोपार्जित संपत्ती, विद्यापीठाची पदवी किंवा सरकारी पाठबळ नव्हते. लंडनमधील सॅम्युअल स्टीव्हन्स हे त्यांचे प्रतिनिधी झाले.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात

२६ एप्रिल १८४८ रोजी ‘मिस्चिफ’ नावाच्या लहान व्यापारी जहाजातून दोघे लिव्हरपूलहून निघाले आणि मे महिन्याच्या अखेरीस ॲमेझॉनच्या मुखाजवळील पारा (सध्याचे बेलें) येथे पोहोचले. आरंभी त्यांनी एकत्र काम केले व टोकँटिन्स नदीवर एक प्रवासही केला. त्यानंतर त्यांनी स्वतंत्रपणे काम करण्याचे ठरविले. टोकँटिन्सच्या काठावरील कामेता येथे एका मोठ्या केसाळ कोळ्याने लहान पक्षी पकडलेले बेट्स यांनी पाहिले. कोळी पक्षी खातात ही हकिकत त्या काळी अनेक अभ्यासक दंतकथा मानीत. बेट्स यांच्या निरीक्षणाने तिला आधार मिळाला.

जानेवारी १८५० मध्ये बारा (सध्याचे मानौस) येथे दोघांची पुन्हा भेट झाली. तेथे त्यांनी प्रदेश वाटून घेतला. वॉलेस यांनी रियो नेग्रो नदीचा मार्ग धरला आणि बेट्स सोलिमोइंस, म्हणजे वरचा ॲमेझॉन, या मार्गाने एगा (सध्याचे तेफे) या गावी गेले. एगा येथील पहिला मुक्काम फार कष्टाचा ठरला. जवळजवळ वर्षभर त्यांना इंग्लंडहून पत्र किंवा पैसे मिळाले नाहीत. चोरी झाली, नोकर निघून गेला, कपडे फाटले आणि अनवाणी हिंडण्याची वेळ आली. खचलेल्या मनःस्थितीत १८५१ मध्ये ते पारा येथे परतले. त्यांनी इंग्लंडला परत जाण्याचा विचार केला होता.

पारा येथे त्या वेळी पीतज्वराची साथ होती. वॉलेस यांचे धाकटे बंधू हर्बर्ट इंग्लंडला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथेच थांबले होते. ते आजारी पडले आणि बेट्स यांनी त्यांची शुश्रूषा केली, परंतु जून १८५१ मध्ये हर्बर्ट यांचे निधन झाले. बेट्स यांनाही पीतज्वराने गाठले, त्यातून ते बरे झाले. वॉलेस १८५२ मध्ये मायदेशी निघाले असता वाटेत त्यांच्या जहाजाला आग लागली व त्यांच्याबरोबरचा मौल्यवान संग्रह नष्ट झाला. बेट्स यांनी मात्र परत न जाण्याचे ठरविले. विक्रीतून थोडे पैसे हाती आले होते आणि स्टीव्हन्स यांच्याकडून उत्तेजनही मिळाले होते. नोव्हेंबर १८५१ मध्ये त्यांनी सांतारेम या गावी आपले ठाणे हलविले.

सांतारेमचा गवताळ प्रदेश

तापाजोस नदी जेथे ॲमेझॉनला मिळते, तेथे सांतारेम वसलेले आहे. बेट्स तेथे सुमारे साडेतीन वर्षे राहिले. सभोवार शेकडो किलोमीटर घनदाट वर्षावन असताना या गावामागे मात्र किंचित उंचसखल, वाळूमिश्रित जमिनीचा उघडा माळ पसरलेला होता. ब्राझीलमध्ये अशा भूमीला ‘कांपो’ म्हणतात. तेथे गवत, झुडपे, विखुरलेली बुटकी झाडे आणि अधूनमधून झाडीचे पट्टे होते. काजूची रानटी झाडेही या माळावर उगवत. हाच दक्षिण अमेरिकन वृक्ष पोर्तुगीजांमार्फत भारतात येऊन गोवा व कोकण यांच्या अर्थव्यवस्थेचा भाग झाला. सांतारेमचा कोरडा ऋतू दीर्घ असतो. त्या काळात गवत वाळते आणि माळ होरपळून निघतो.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात असे गवताळ प्रदेश विरळ आहेत. वनाच्या विस्तारात ते समुद्रातील बेटांप्रमाणे विखुरलेले असून एकूण क्षेत्रफळाचा अगदी थोडा भाग व्यापतात. संग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे आकर्षण मर्यादित होते. वनातील मोठी व भडक रंगांची फुलपाखरे येथे तुलनेने कमी आढळत आणि बाजारात अशाच नमुन्यांना मागणी असे. तरीही बेट्स यांनी माळ, त्याच्या कडेची कोरडी झाडी आणि तापाजोसच्या काठावरील दमट वन या तिन्ही ठिकाणी सातत्याने नमुने गोळा केले. वाळूत बिळे करणाऱ्या व मातीची घरटी बांधणाऱ्या गांधीलमाश्यांच्या वर्तनाची त्यांनी येथे केलेली निरीक्षणे प्रसिद्ध आहेत. १८५२ मध्ये एक होडी घेऊन त्यांनी तापाजोस व तिची उपनदी कुपारी यांवरून प्रवास केला. त्यामुळे माळावरील व वनातील जातींची तुलना करणे त्यांना शक्य झाले.

या तुलनेचे महत्त्व हेलिकोनियस प्रजातीतील फुलपाखरांवरून स्पष्ट झाले. मेल्पोमिनी हे रूप गियाना, ओबिदोस व सांतारेमच्या अंतर्भागातील कोरड्या व विरळ वनांत आढळते, तर खालच्या ॲमेझॉनच्या दमट सखल वनांत त्याची जागा थेल्झिओपी हे वेगळ्या रंगरचनेचे रूप घेते, असे बेट्स यांना दिसले. पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही रूपे एकमेकांत न मिसळता स्वतंत्र जातींप्रमाणे वागतात. तथापि दोन्ही प्रकारच्या वनांच्या सीमेवरील काही ठिकाणी त्यांना मधल्या सर्व छटांचे नमुने मिळाले. एका जातीपासून दुसरी जाती भिन्न परिस्थितीत कशी निर्माण होऊ शकते, याचे हे उदाहरण त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात मांडले. आज ही दोन्ही रूपे एकाच जातीच्या उपजाती मानली जातात. जाती व उपजाती यांच्यामधील अवस्था म्हणून त्यांचा अभ्यास अद्यापही होतो.

हे अनुमान काढता आले, याचे कारण प्रत्येक नमुना कोठे मिळाला याची नोंद बेट्स ठेवीत. त्या काळी विक्रीसाठी आलेल्या पुष्कळ नमुन्यांवर केवळ ‘ब्राझील’ किंवा ‘ॲमेझॉन’ असा उल्लेख असे. बेट्स यांच्या नोंदींत पारा, सांतारेम, तापाजोस, ओबिदोस, एगा अशी ठिकाणे वेगवेगळी दिलेली असत. नदीच्या दोन काठांवरील, तसेच माळावरील व वनातील नमुने ते वेगळे ठेवीत आणि एकाच जातीचे अनेक नमुने जपत. साध्या दिसणाऱ्या या शिस्तीमुळे त्यांच्या संग्रहाचे स्वरूप एखाद्या प्रदेशाच्या पद्धतशीर पाहणीसारखे झाले.

लाकूड पोखरणारे भुंगेरे

भुंगेऱ्यांमध्ये बेट्स यांचे विशेष लक्ष सेरँबिसिडी कुलाकडे होते. या भुंगेऱ्यांपैकी अनेकांच्या शृंगिका शरीराइतक्या किंवा त्याहून लांब असतात. मादी सालीच्या फटीत किंवा सालीला पाडलेल्या खाचेत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी साल व लाकूड पोखरीत बोगदे तयार करते. जाती व लाकडाचा प्रकार यांनुसार ही अवस्था काही महिने ते काही वर्षे टिकते. लाकडातच कोशावस्था पूर्ण होऊन प्रौढ भुंगेरा छिद्र पाडून बाहेर येतो. बहुतेक जाती मृत किंवा मरणोन्मुख लाकडावर जगतात. अशा लाकडाचे विघटन होऊन त्यातील द्रव्ये जमिनीत परत जाण्यास त्यांची मदत होते. काही जाती जिवंत झाडांनाही घातक ठरतात. कोकणातील आंबा बागायतदारांना परिचित असलेला भिरूड हा याच कुलातील कीटक आहे.

या भुंगेऱ्यांची पाहणी करणे सोपे नसते. आयुष्याचा बराच काळ ते लाकडात दडलेले असतात, प्रौढावस्था अल्पकालीन असते आणि अनेक जाती रात्री हिंडतात. नव्याने तोडलेल्या झाडांकडे ते आकर्षित होतात. त्यामुळे शेतीसाठी नुकतीच साफ केलेली जागा, कोसळलेले वृक्ष, लोंबणाऱ्या सुक्या फांद्या व सुटत चाललेली साल ही ठिकाणे बेट्स तपासत. अनेक जातींच्या वर्णनाबरोबर ती सुक्या काटक्यांवर सापडली की जाड खोडावर, याचीही नोंद त्यांनी केली आहे. विरळ झाडांच्या माळावर अशी पाहणी करताना प्रत्येक झाडाला महत्त्व येते, कारण विशिष्ट जातीचे लाकूड नाहीसे झाले, की त्यावर अवलंबून असलेला भुंगेराही तेथून नाहीसा होऊ शकतो.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सेरँबिसिडी कुलात फार मोठे वैविध्य आहे. १५ सेंटिमीटरांहून अधिक लांबीचा टायटॅनस, पुढील पाय अतिशय लांब असलेला व नक्षीदार पंखांचा ॲक्रोसायनस आणि काही मिलिमीटर लांबीच्या करड्या रंगाच्या असंख्य जाती यात येतात. बेट्स यांनी या लहान व अनाकर्षक जातींकडेही तितकेच लक्ष दिले. तापिरिबा नावाच्या खरखरीत सालीच्या झाडावर ऑनिकोसेरस स्कॉर्पिओ हा भुंगेरा विपुल असूनही स्थिर बसल्यावर जवळजवळ अदृश्य होतो, इतके त्याचे सालीशी साम्य आहे, हे त्यांनी नोंदविले. अशा निरीक्षणांतून रूप, परिसर आणि बचाव यांच्या परस्परसंबंधाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले.

एगा येथील दुसरा मुक्काम

१८५५ मध्ये बेट्स पुन्हा एगा येथे गेले आणि पुढील सुमारे साडेतीन वर्षे ते गाव त्यांचे मुख्य ठाणे होते. तेथील दिनक्रम ठरलेला असे. सकाळी नऊदहाच्या सुमारास ते वनात जात व दुपारी दोनतीनपर्यंत कीटक गोळा करीत. रंगीत सदरा, विजार व मऊ टोपी असा त्यांचा वेश असे. खांद्यावर दुनळी बंदूक, हातात जाळी, डाव्या बाजूस कीटकांची पेटी व दारूगोळा ठेवण्याची चामडी पिशवी आणि सदऱ्यावर सहा आकारांच्या टाचण्या खोचलेली उशी असे साहित्य त्यांच्याजवळ असे.

जमविलेले नमुने टिकविणे हे पकडण्याइतकेच कठीण होते. मुंग्या एका रात्रीत पेटी रिकामी करीत, तर दमटपणामुळे बुरशी चढे. त्यासाठी वाळवणाच्या पेट्या छपराच्या वाशांना दोरीने टांगलेल्या असत. मुंग्या येऊ नयेत म्हणून दोरीला कडू वनस्पतिज तेल चोपडलेले असे आणि उंदीर खाली उतरू नयेत म्हणून दोरीच्या मध्यावर एक तुंबीचे भांडे उपडे बसविलेले असे. शिकारी, होडीवाले व वाटाडे म्हणून काम करणाऱ्या स्थानिक रहिवाशांचे ज्ञान व श्रम यांवर त्यांचे काम बऱ्याच अंशी अवलंबून होते. पोर्तुगीज भाषा आत्मसात करून ते या लोकांमध्ये मिसळून राहिले.

एगाच्या परिसरात त्यांना कीटकांच्या ७,००० हून अधिक जाती मिळाल्या. त्यांतील ५५० फुलपाखरांच्या होत्या. समशीतोष्ण प्रदेशात जमिनीवर वावरणारे मांसभक्षक भुंगेरे येथे बहुतांशी झाडांवर राहतात, हेही त्यांना आढळले. या प्रदेशातील प्राणिसृष्टी दीर्घ काळापासून वनजीवनाशी जुळवून घेत आली आहे, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले.

अँडीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत जाण्याची त्यांची इच्छा होती. तथापि १८५७ मध्ये साओ पाउलो दे ओलिव्हेंसा येथे त्यांना हिवतापाने ग्रासले आणि प्रकृती कायमची खालावल्याने पुढचा बेत सोडावा लागला. बौद्धिक सहवासाचा अभाव आणि वृत्तपत्रे व पुस्तके यांसाठी महिनोन्‌महिने वाट पाहणे यांचा त्रासही त्यांना वाढत्या वयाबरोबर अधिक जाणवू लागला होता. ३ फेब्रुवारी १८५९ रोजी त्यांनी एगा सोडले आणि २ जून रोजी पारा येथून प्रयाण केले. वॉलेस यांच्यावरील आपत्तीचा अनुभव लक्षात घेऊन त्यांनी आपल्या खाजगी संग्रहाचे तीन भाग केले व ते तीन वेगवेगळ्या जहाजांनी पाठविले. तिन्ही भाग सुखरूप पोहोचले. अकरा वर्षांच्या श्रमांतून त्यांच्या हाती आलेला नफा सुमारे ८०० पौंड होता.

अनुकृतीचा सिद्धांत

बेट्स परतले त्याच वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, डार्विन यांचा जातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेट्स यांनी त्याचे मनापासून स्वागत केले व लवकरच दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. २१ नोव्हेंबर १८६१ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे बेट्स यांनी ॲमेझॉनमधील हेलिकोनिडी गटातील फुलपाखरांवर निबंध वाचला. तो १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या गटातील फुलपाखरे संथ उडणारी, भडक रंगांची व संख्येने विपुल असतात, तरीही पक्षी त्यांना क्वचितच धरतात. ती बेचव किंवा दुर्गंधी असावीत, असे अनुमान बेट्स यांनी काढले. लेप्टॅलिस प्रजातीतील फुलपाखरे अगदी वेगळ्या कुलातील व संख्येने विरळ असून त्यांचे रूप मात्र हेलिकोनिडी फुलपाखरांसारखेच असते. ज्या ठिकाणी आदर्श जातीचे जे रूप असेल, त्या ठिकाणी अनुकारी जातीही तेच रूप धारण करते, हे निर्णायक होते. काही अंतरावर आदर्श बदलला की अनुकारीही बदलतो. बेचव फुलपाखराशी अधिक साम्य असणारे नमुने भक्षकांच्या तावडीतून वाचतात, कमी साम्य असणारे नष्ट होतात आणि पिढ्यानुपिढ्या हे साम्य वाढत जाते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. नमुन्यांच्या स्थळांची काटेकोर नोंद नसती, तर हा युक्तिवाद उभाच राहू शकला नसता.

डार्विन यांनी या निबंधाची मुक्तकंठाने प्रशंसा केली व त्याचे परीक्षण स्वतः लिहून प्रसिद्ध केले. पुढे फ्रिट्‌झ म्यूलर यांनी १८७८ मध्ये, दोन्ही जाती बेचव असताना आढळणाऱ्या परस्पर साम्याचे स्पष्टीकरण दिले.

ग्रंथ व नोकरी

डार्विन यांच्या आग्रहावरून बेट्स यांनी आपला प्रवासवृत्तांत लिहिला व डार्विन यांनीच त्यांची जॉन मरी या प्रकाशकाशी गाठ घालून दिली. ‘द नॅचरलिस्ट ऑन द रिव्हर ॲमेझॉन्स’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १८६३ मध्ये प्रकाशित झाला आणि अल्पावधीत लोकप्रिय झाला. १८६४ च्या आवृत्तीत शास्त्रीय चर्चेचा बराच भाग वगळण्यात आला. पुढील अनेक वर्षे वाचकांना मुख्यतः ही संक्षिप्त आवृत्तीच माहीत होती.

कीर्ती मिळाली तरी उपजीविकेचा प्रश्न सुटला नाही. परतल्यानंतर काही काळ त्यांना लेस्टर येथील कौटुंबिक व्यवसायात लक्ष घालावे लागले. १८६३ मध्ये सारा ॲन मेसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व कुटुंबाची जबाबदारी वाढली. ब्रिटिश म्यूझियमच्या प्राणिविज्ञान विभागातील पदासाठी त्यांनी प्रयत्न केला होता. ते पद त्यांना न मिळता आर्थर ओशॉनेसी या तरुण कवीला मिळाले. ओशॉनेसी यांना त्या वेळी प्राणिविज्ञानाचा अनुभव नव्हता. १८६४ मध्ये बेट्स यांची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या साहाय्यक सचिवपदी नियुक्ती झाली. संस्थेच्या नियतकालिकांचे संपादन, मोहिमांची आखणी व प्रवाशांना मार्गदर्शन ही कामे त्यांनी मृत्यूपर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, केली. ॲमेझॉनला ते पुन्हा कधीही गेले नाहीत.

भुंगेऱ्यांवरील लेखन

कार्यालयीन कामातून उरलेल्या वेळेत बेट्स यांनी आपल्या संग्रहाचा अभ्यास चालू ठेवला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सेरँबिसिडी कुलावरील त्यांची लेखमाला १८६१ ते १८६६ या काळात प्रसिद्ध झाली व १८७० मध्ये तिला आणखी भर पडली. १८७३ मध्ये त्यांनी जपानमधील याच कुलातील भुंगेऱ्यांचे वर्णन केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७३–७४ मधील काश्गर मोहिमेत जमविलेल्या भुंगेऱ्यांचे वर्णनही बेट्स यांनी १८७८ मध्ये केले. परतीच्या प्रवासात लडाखमध्ये स्टोलिच्का यांचा मृत्यू झाला होता. मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या जीवसृष्टीवरील ‘बायोलॉजिया सेंट्राली-अमेरिकाना’ या विशाल ग्रंथमालेतील भुंगेऱ्यांवरील महत्त्वाचे भाग बेट्स यांनी लिहिले.

लंडनच्या एंटॉमॉलॉजिकल सोसायटीचे ते दोन वेळा अध्यक्ष होते. १८८१ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. ब्राझीलच्या सम्राटांनी त्यांना ‘ऑर्डर ऑफ द रोझ’ हा सन्मान दिला.

निधन व वारसा

१६ फेब्रुवारी १८९२ रोजी इन्फ्ल्युएंझा व श्वासनलिकेच्या दाहामुळे लंडन येथे बेट्स यांचे निधन झाले. त्याच वर्षी एडवर्ड क्लॉड यांनी लिहिलेल्या चरित्रासह त्यांच्या ग्रंथाची मूळ संपूर्ण आवृत्ती पुन्हा प्रकाशित झाली. त्यांच्या भुंगेऱ्यांचा मोठा संग्रह फ्रान्समधील संग्राहक रने ओबेर्तूर यांच्याकडे गेला व कालांतराने पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात दाखल झाला. चित्रांनी सजलेल्या त्यांच्या टिपणवह्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आहेत. बॅटेसिया ही फुलपाखरांची प्रजाती व ॲमेझॉनच्या खोऱ्यातील कोरॅलस बॅटेसाय हा हिरवा वृक्षवासी अजगरवर्गीय साप यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

सांतारेमच्या परिसरातील गवताळ माळ आज शहराचा विस्तार, सोयाबीनची शेती व वारंवार लागणाऱ्या आगी यांमुळे संकटात आहे. वर्षावनाच्या तुलनेत अशा प्रदेशांच्या संरक्षणाकडे कमी लक्ष दिले जाते, कारण उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन असा समज सर्वत्र आढळतो. दीड शतकापूर्वी तेथे कोणते कीटक होते हे जाणून घेण्यासाठी बेट्स यांच्या नमुन्यांना जोडलेली स्थळांची नावे हा एक मोलाचा आधार आहे.